मोडणाऱ्याचा भाव

इरफान मुजावर पेढे घेऊन आला, तेव्हा शर्वरी कागवाडे पडद्यावर त्याचीच मान बघत बसली होती.

"ताई, तोंड उघड," तो दारातूनच म्हणाला.

तिने पडदा बंद केला. "कसले पेढे?"

"करार झाला. एक कोटी चाळीस लाख! मागल्या साली पंचेचाळीस दिले, तवा इंगवले साहेब म्हनले, म्हातारा झालास. आता बत्तिसाव्या वर्षी तिप्पट. म्हाताऱ्याचा भाव बघ की!"

पुड्याचा दोरा त्याला सुटत नव्हता. डाव्या अंगठ्याने त्याने दोनदा गाठ धरली, ती दोनदा निसटली. शेवटी त्याने दोरा दातांनी तोडला आणि हसला. "आण्णा पायजे हुते आज."

शर्वरीने मान हलवली. आण्णा म्हणजे तिचे वडील, बाळगोंडा कागवाडे. इचलकरंजीत सुताला कांजी देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यामागे मातीच्या मैदानावर पस्तीस वर्षं त्यांनी पोरांना कबड्डी शिकवली. इरफान नवव्या वर्षी त्यांच्याकडे आला आणि घरचाच झाला. आण्णांना जाऊन चार महिने झाले होते. छातीत जळजळतंय म्हणाले, तो गुरुवार होता. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ, असं शर्वरीच म्हणाली होती. तो सोमवार आलाच नाही.

तिने पेढा घेतला आणि कागदावर ठेवला. इरफान गेल्यावर पुन्हा पडदा लावला. पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली चकती डावीकडे सरकली होती. तिथून निघणारी नस अंगठ्याकडे जाते.

खाली आकडा होता. शंभरातून चौऱ्याहत्तर. पहिल्या चार सामन्यांत.

*

त्या आकड्यामागे एक धागा होता.

कोळशाच्या अतिसूक्ष्म थराने मढवलेला तो धागा ताणला की त्याचा विद्युतविरोध बदलतो. असे चारशे धागे खेळाडूच्या शर्टात विणलेले असत. स्नायू किती आखडला, सांधा किती वळला, मानेवर किती भार आला, हे ते सेकंदाला हजार वेळा सांगत. कॉलरमध्ये एक बारीक मायक्रोफोन असे, चढाई करणाऱ्याचा दम मोजायला. या सगळ्यातून संगणक खेळाडूची हुबेहूब प्रतिकृती बांधी. तिला सगळे सावली म्हणत.

शरीरातले बंध दोरीसारखे असतात. रोज खेळताना त्यांचे काही तंतू तुटतात आणि विश्रांतीत पुन्हा जुळतात. तुटणं जुळण्याच्या पुढे गेलं की दोरीचे दिवस मोजता येतात. दहाही संघांच्या सावल्या एकमेकींविरुद्ध खेळवून संगणक पुढचा हंगाम दहा हजार वेळा घडवून बघे. कोण जिंकेल हे त्यातून ढोबळ कळे. कोण मोडेल हे मात्र फार नेमकं कळे.

शर्वरी 'इचलकरंजी धोटा' या संघाच्या सावल्या सांभाळत होती. मागावरच्या धोट्यासारखा इकडून तिकडे जाणारा आणि परत येणारा तो चढाईपटू, असं नाव सुचवणारे आण्णाच. सावलीवर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. "पोरगं दुखतंय का ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतंय. शर्ट कशाला पायजे?" म्हणायचे.

सावलीने खेळाडू वाचतील असं शर्वरीला वाटलं होतं. पण कबड्डीच्या महालीगमधल्या पैशांच्या वाटणीचा तिने विचार केला नव्हता.

प्रत्येक संघाने आपल्या उत्पन्नातले रुपयामागे पंचेचाळीस पैसे सामायिक निधीत टाकायचे, आणि ज्याचं उत्पन्न कमी त्याला त्यातून जास्त वाटा, असा मूळ नियम. मोठ्या शहरांपुढे छोट्या गावांचे संघ टिकावेत म्हणून. मग छोटे संघ तो वाटा खिशात घालून स्वस्तातली पोरं खेळवू लागले. तेव्हा खेळाडूंच्या संघटनेने भांडून नियम करून घेतला, की वर्षाला किमान आठ कोटी पगारावर दाखवलेच पाहिजेत. खेळताना जायबंदी झालेल्याचा उरलेला पगार विमा कंपनी भरेल, पण तोही त्या आठ कोटींत धरायचा, हे संघटनेनेच मिळवलं. आणि सावली विमा कंपनीला दाखवायची नाही, नाहीतर दुबळ्या खेळाडूचा विमा कोण उतरवणार, हेही तिनेच.

यातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी भल्यासाठी होता. चारही एकत्र ठेवले की वेगळंच दिसे. इचलकरंजीच्या स्टेडियममध्ये सहा हजार माणसं बसत. संघ जिंकला तरी सहा हजारच. जिंकून जाहिराती वाढल्या, तर निधीतला वाटा कमी. म्हणजे जिंकण्यात तोटा. आणि ज्याचा पगार सगळ्यात मोठा आणि जो सगळ्यात आधी मोडेल, तो खेळाडू सगळ्यात फायद्याचा: पगार संघाच्या खात्यावर दिसे, पैसे विमा कंपनीचे जात.

*

"मला माहीत आहे," समरजित इंगवले म्हणाले. संघाचे मालक. तीन सूतगिरण्या होत्या त्यांच्या, आणि आवाज कधी चढत नसे. "म्हणून तर घेतलाय त्याला."

"साहेब, गुडघा नाही. मान आहे."

ते क्षणभर थांबले. "गेल्या महिन्यात गुडघा होता."

"गुडघाही आहे. पण मान आधी जाईल. खाली वाकून बोनसची रेषा शिवायला जातो तेव्हा डोकं पुढे टाकतो. डाव्या कोपऱ्यातून दोघांनी साखळी करून धरला, की..."

"की?"

"खांद्याखाली काही राहणार नाही."

इंगवल्यांनी चष्मा काढून पुसला. "चौऱ्याहत्तर म्हणजे सव्वीस वेळा काही होत नाही."

"तुम्ही त्याला बसवा. पगार द्या आणि बसवा."

"बसवलेल्याचा पगार विमा देत नाही. शर्वरीबाई, मी कुणाला पाडत नाही. तो कुठं पडणार हे मला दिसतं, आणि मी झोळी घेऊन तिथं उभा राहतो. दहातल्या नऊ संघांचे मालक तेच करतात. मी नाही केलं तर दोन वर्षांत हा संघ विकावा लागेल आणि तुमच्या आण्णांच्या गावात कबड्डी राहणार नाही." त्यांनी चष्मा चढवला. "सावलीचा मजकूर बाहेर सांगणं हा गुन्हा आहे, हे तुम्हाला सांगायला नको."

*

तिने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी, आण्णांच्या मैदानावर. इरफान दर रविवारी तिथल्या पोरांना शिकवायला जाई.

मैदानावर तेव्हा एक वाद चालला होता. चढाई करणाऱ्याचा हात बचावातल्या एका मुलाच्या पाठीला लागला होता. पंचाला दिसलं नव्हतं, आणि मुलगा तीन चढायांनंतर कबूल होत होता.

"आता हात वर करतोस व्हय?" इरफान ओरडला. "पाच फेऱ्या! पळ!"

आण्णांचा नियम होता तो. अंगाला हात लागला, की पंच बोलायच्या आत आपण हात वर करायचा. उशिरा केला तर मैदानाला पाच फेऱ्या. आणि कुणीही हात वर केला, खेळणाऱ्याने नाहीतर बाहेर बसलेल्याने, तरी चढाई तिथल्या तिथे थांबवायची. स्वतःविरुद्ध बोलायला उठलेल्या माणसाला आधी ऐकून घ्यायचं, असं आण्णा म्हणत. बाहेरच्या संघांना हे वेडेपण वाटे. आण्णांच्या पोरांच्या मात्र हाडात बसलं होतं.

शर्वरीने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मान, आकडा, विमा, पगार तिप्पट का झाला ते.

तो मातीवर पायाने रेघ काढत राहिला.

"म्हंजे माझ्या खेळाचे पैसे न्हाईत हे."

"नाहीत."

"मोडायचे हैत."

"हो."

"ताई, तू आण्णांची पोरगी हैस म्हनून ऐकून घेतलं." तो वर बघत नव्हता. "तस्नीमनं काल पहिल्यांदा घराचा नकाशा काढला. माझी बायको बारा वर्षं दोन खोल्यांत ऱ्हायली, एकदा बोलली न्हाई. आनि तू म्हंतीस, संगणकाला दिसलं. आण्णांचं काळीज दिसलं का तुझ्या संगणकाला?"

"आण्णांनी शर्ट घातला नव्हता."

"पन तू शेजारच्याच खोलीत हुतीस की."

बोलून गेल्यावर त्याचा चेहरा उतरला. पण त्याने शब्द मागे घेतला नाही, आणि शर्वरीनेही घ्यायला सांगितला नाही. फेऱ्या मारणारा मुलगा धापा टाकत त्यांच्याजवळून गेला.

*

मोडणाऱ्याला वाचवायचा एकच मार्ग उरला होता. तो मोडणार नाही असं सिद्ध करायचं. धडधाकट इरफान इंगवल्यांना परवडणार नव्हता. तो सामने जिंकून देईल, वर पगारही खिशातून द्यावा लागेल.

जुन्या सावल्या ती ठेवून देत असे. चार वर्षांपूर्वीची इरफानची सावली तिने उघडली. तेव्हा सराव आण्णाच घेत असत. नोंदी जुळवून बघायच्या म्हणून तिने कॉलरमधला आवाज लावला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, इरफानचा एकसारखा दम. आणि लांबून, रेषेबाहेरून:

"मान आत घे! मान आत, इरफान! किती येळा सांगू?"

तिने हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

त्या वर्षीच्या नोंदीत दर चढाईला तो आवाज होता, आणि दर वेळी त्याच्यापाठोपाठ मानेवरचा भार निम्म्याने उतरत होता. गेल्या चार महिन्यांच्या नोंदींत आवाज नव्हता. भार उतरत नव्हता. आण्णा काय करत होते, त्याचं मोजमाप तिच्यापुढे आकड्यांत पडलं होतं, आणि ते दाखवायला आता आण्णा नव्हते.

तिने आवाज बंद केला आणि जुनी मान आजच्या तारखेला चिकटवली.

कारण द्यायला सायझिंगच्या गावात राहिल्याचा उपयोग झाला. इथल्या माणसाला सुताची कांजी सांगावी लागत नाही. तिने लिहिलं: 'परटाने चुकून शर्टाच्या कॉलरला कांजी केल्यामुळे धागे ताठर झाले होते. मानेचे आधीचे मोजमाप त्यामुळे सदोष आले. नव्या शर्टावर फेरतपासणी केली. मान निर्दोष. मोडण्याची शक्यता शंभरात चार.'

इंगवल्यांनी ते दोनदा वाचलं. "कांजी," ते म्हणाले आणि चक्क हसले. त्यांचं सगळं आयुष्य कांजीत गेलं होतं. त्यांना ते लगेच पटलं.

तीन दिवसांनी इरफानचा करार रद्द झाला. तो प्रयोगशाळेत आला नाही. त्याने फोन केला.

"ताई, धडधाकट हाय म्हनून काढलं मला. कधी ऐकलंयस असलं?"

"इरफान..."

"तू केलंस. कसं केलंस म्हाईत न्हाई, पन तूच केलंस. नकाशा फाडला तस्नीमनं." त्याने फोन ठेवला. त्यानंतर तिचा नंबर त्याच्याकडे लागेना.

तो तिच्यावर चिडलेला होता आणि चालता-फिरता होता. आठवडाभर शर्वरीला तेवढं पुरलं.

आठव्या दिवशी बातमी आली. गुरुग्रामच्या 'नॉर्थ स्टार'ने इरफान मुजावरला घेतलं होतं.

नॉर्थ स्टारचं स्टेडियम चाळीस हजारांचं. तिथे प्रत्येक विजयाने तिकीट महागे. निधीत वाटा देऊनही जिंकणं परवडणारा तो एकच संघ. त्यांना मोडणारा नको होता, खराखुरा चढाईपटू हवा होता. आणि खेळाडू संघ बदलतो तेव्हा त्याची सावली त्याच्याबरोबर जाते. त्यांनी शर्वरीचा अहवाल वाचून, शंभरात चार बघून, त्याला घेतलं होतं. इंगवल्यांकडे तो सामन्यात दहा चढाया करणार होता. तिथे पंचवीस करणार होता.

पहिलाच सामना इचलकरंजीत होता. धोटा विरुद्ध नॉर्थ स्टार. अकरा दिवसांनी.

त्या अकरा दिवसांत तिने नॉर्थ स्टारच्या डॉक्टरांना सहा पत्रं लिहिली आणि एकही पाठवलं नाही. खोट्या सावलीला दोन वर्षांची कैद होती. पण कारण तेवढंच नव्हतं. उद्या लिहू, असं तिला रोज वाटे. सव्वीस वेळा काही होत नाही, असंही वाटे. इंगवल्यांचं वाक्य ती स्वतःला सांगत होती. सोमवारी जाऊ, असं म्हणणारी बाई तिला आरशात दिसू लागली तेव्हा सामन्याची सकाळ उजाडली होती.

तिने नॉर्थ स्टारच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर चौधरी नावाचे शांत गृहस्थ होते. तिने सगळं सांगितलं, हिंदीत, न थांबता.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्हीच कळवलं होतंत की आधीचं मोजमाप चुकलं आणि आताचं बरोबर. आता म्हणता आधीचं बरोबर होतं. आज सामना तुमच्याच संघाशी आहे ना?"

"हो, पण..."

"आमचा मुख्य चढाईपटू आज बसावा, ही तुमची इच्छा मी समजू शकतो."

"त्याचा डावा अंगठा तपासा. नुसता तपासा."

"तक्रार लेखी द्या. सोमवारी बघू."

*

स्टेडियम भरलं होतं. इरफान विरुद्ध बाजूने उतरला तेव्हा अर्धे लोक ओरडले आणि अर्ध्यांनी टाळ्या वाजवल्या. गावचाच होता तो. त्याने वाकून रेषेला हात लावला, कपाळाला नेला. शर्वरी धोट्याच्या बाकावर होती, मांडीवर पडदा. इरफानची खरी सावली तिने त्यात ठेवली होती; डोळ्यांना दिसलेली प्रत्येक चढाई ती तिच्यात भरत होती.

पहिल्या चढाईत दोन गुण. दुसरीत एक. तिसरीत तो बोनसच्या रेषेकडे झुकला आणि डोकं पुढे गेलं, दहा हजार वेळा तिने पाहिलं होतं तसंच. डाव्या कोपऱ्यातल्या दोघांनी हात गुंफले, पण एक पाऊल उशीर झाला. तो निसटला. पडद्यावर आकडा चढला.

चौथी चढाई. ते दोघे आता शहाणे झाले होते. आधीच जवळ सरकले.

"मान आत!" शर्वरी ओरडली. सहा हजार माणसांच्या आवाजात ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

ती उठली. बाकापुढची पट्टी ओलांडून मॅटच्या कडेला गेली आणि तिने हात वर केला. सरळ, कोपर कानाला लावून, आण्णा शिकवायचे तसा.

इरफान वाकत होता. त्याची नजर वळली. आणि तो थांबला. ठरवून थांबला नाही तो. तेवढा वेळच नव्हता. नवव्या वर्षापासून हाडात बसलेलं ते. तो ताठ उभा राहिला, आणि त्याचा दम सुटला.

पंचाची शिट्टी वाजली. दम सुटला, चढाईपटू बाद. गाव आनंदाने पेटलं.

नॉर्थ स्टारचा प्रशिक्षक शिव्या देत होता. इरफान बाद खेळाडूंच्या चौकटीत जाऊन बसला. शर्वरी हात खाली न घेता तिकडे चालत गेली. साथीदाराने गुण मिळवला की इरफान पुन्हा आत जाणार होता. तेवढाच वेळ होता.

"काय केलंस तू?" तो म्हणाला. "सगळ्या देशासमोर येडा केलंस मला!"

"ती मान आजची नाही. चार वर्षांपूर्वीची आहे. मी खोटी लिहिली. शर्टाला कुणीही कांजी केली नव्हती."

"काय?"

"इंगवल्यांनी तुला सोडावं म्हणून. हे दुसरे तुला घेतील, हे मला सुचलंच नाही. मग कळलं तेव्हा अकरा दिवस गप्प बसले."

दोन सुरक्षारक्षक पळत येत होते.

"पेढ्यांच्या पुड्याचा दोरा तुला सुटत नव्हता," ती घाईने म्हणाली. "तुझा डावा अंगठा बधिर झालाय. कधीपासून?"

त्याने अंगठा करंगळीला टेकवून बघितला. पुन्हा बघितला.

मॅटवर गलका झाला. नॉर्थ स्टारच्या पोराने गुण मिळवला होता. पंचाने इरफानकडे बघून हात केला: चल, आत ये. प्रशिक्षक किंचाळत होता. इरफान अर्धवट उठला. समोर पंच, मागे चाळीस हजारांच्या स्टेडियमचा करार, आणि कुठेतरी टीव्हीपुढे बसलेली तस्नीम.

तो खाली बसला. त्याने हात वर केला.

रक्षकांनी शर्वरीला दंडाला धरलं. पलीकडे महालीगचे दोन अधिकारी उभे होते, आणि त्यांच्याशेजारी इंगवले, आवाज न चढवता काहीतरी सांगत. बाहेरचं दार त्या चौकटीशेजारीच होतं, पण आधी तिला अधिकाऱ्यांपुढे उभं करायचं होतं. मॅटच्या कडेकडेने तिला पूर्ण वळसा घालून नेऊ लागले. लोक काय काय ओरडत होते. कुणी पाण्याची बाटली फेकली.

वळसा पुरा होताना ती पुन्हा त्या चौकटीसमोर आली. इरफानच्या मानेला डॉक्टर चौधरी पट्टा बांधत होते. तो तिच्याशी बोलणार नव्हता, आज नाही, कदाचित कधीच नाही. त्याचा चेहरा दगडासारखा होता.

पण ती समोर आली तेव्हा त्याने डावा हात उचलला. चार बोटं ताठ, अंगठा मिटलेला.

एक फेरी झाली होती. चार राहिल्या होत्या.